कपाटाचं तोंड भिंतीकडे

१

नाचिमुत्तूला ते मशीन आवडत नव्हतं, आणि मशीनलाही नाचिमुत्तू आवडत नसावा. पण दोघांना एका खोलीत बसवलं होतं आणि बसणं भाग होतं.

तिरुप्पूरच्या बनियन कारखान्यांत त्याचा सगळा जन्म इस्त्री मारण्यात गेला. वाफेत उभं राहून राहून उजवा गुडघा गेला, तेव्हा सुपरवायझर वडिवेलने त्याला लेबल-खोलीत खुर्ची दिली. बसून काम. समोर एक प्रिंटर. त्यात कोऱ्या लेबलांचा रोल घालायचा, प्रत्येक लेबलाच्या पोटात एक चिप. मशीन वर अक्षरं छापतं, आत चिपमध्ये नंबर भरतं, आणि मग परदेशातल्या दुकानात खोकं न उघडताच आत किती शर्ट आहेत ते कळतं. असलं काहीतरी. नाचिमुत्तूला त्यातलं निम्मं कळलं होतं आणि उरलेलं निम्मं कळून घ्यायची त्याची इच्छा नव्हती.

पण खुर्ची त्याला हवी होती. खुर्ची गेली तर धारापुरमला मुलाच्या घरी, ओसरीवरच्या खाटेवर. तिथे सून चहा देते, पण पेला आपटून ठेवते. त्या खाटेवर मरण्यापेक्षा या खुर्चीत मेलेलं बरं, असं तो कोणालाही तोंडावर सांगायचा.

त्याच्याआधी तिथे मयिलात्ताळ होती. पन्नाशीची, सुकलेली, कमी बोलणारी. तिने त्याला काम शिकवलं ते बसूनच. हा दुखऱ्या गुडघ्यावर उभा आणि ती बसलेली. एकदाही उठली नाही. शेवटच्या दिवशी मात्र उठली, याला म्हणाली, "बसा अण्णा," आणि तो नीट टेकला आहे हे बघून निघाली. बोनसची मिठाई घ्यायलाही थांबली नाही. जाताना एवढंच म्हणाली की कपाटाला हात लावू नका.

कपाट लोखंडी होतं, खोलीच्या कोपऱ्यात. त्याचं तोंड भिंतीकडे होतं आणि पाठ खोलीकडे. कपाट असं कोण ठेवतं? नाचिमुत्तूने ठरवलं की बाईचं डोकं फिरलेलं होतं.

२

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सगळा कारखाना झाडून, पुसून, धुऊन काढतात. कात्रीपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं. नाचिमुत्तू या बाबतीत कडक. वस्तूची पूजा तोंड बघून करायची, पाठीला गंध लावणारा माणूस त्याने अजून पाहिला नव्हता. त्याने दोन हमाल बोलावले, कपाट फिरवून घेतलं आणि उघडलं.

आत काही नव्हतं. एक कप्पासुद्धा नव्हता, सगळे काढून टाकलेले. पुसायला म्हणून त्याने ओलं फडकं फिरवलं, तर फडकं स्वच्छच राहिलं. एवढी वर्षं भिंतीला टेकून पडलेलं कपाट आणि आत धुळीचा कण नाही. फक्त खाली, माणसाच्या मांडीच्या उंचीला, आतला रंग घासून गुळगुळीत झाला होता. ओट्याच्या खांबाला रोज कोणी टेकून बसलं की खांब असा होतो.

त्याने दारावर तीन बोटं चंदन ओढलं, मध्ये कुंकू लावलं आणि वारा लागावा म्हणून दार उघडंच ठेवलं. मग मशीनचं झाकण उघडून आतही दिसेल तिथे चंदन लावलं. पहिलं छापलेलं चांगलं लेबल कुंकवासकट मशीनच्या कपाळावर चिकटवलं. हात जोडले आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

३

सुट्टी संपून काम सुरू झालं, त्या सकाळी मशीन बिघडलं.

अक्षरं अर्धी या लेबलावर आणि अर्धी पुढच्यावर यायला लागली. खाली हॉलमध्ये निळ्या शर्टांची खोकी रांगेने तयार होती, दुपारनंतर तुतिकोरीन बंदराला जाणारा ट्रक लागणार होता, आणि लेबलांशिवाय एकही खोकं बंद होणार नव्हतं. वडिवेल वर आला. तिशीतला, सदा घाईत असलेला माणूस, पण मशीन त्याला कळायचं. नाचिमुत्तूला तो वयाचा मान म्हणून 'अय्या' म्हणायचा. झाकण उघडून त्याने आत बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अय्या, मशीनच्या डोळ्यातच चंदन घातलंत."

दोन लेबलांच्या मधली फट बघायला आत एक बारीक डोळा असतो. त्यावर चंदन वाळून बसलं होतं. नाचिमुत्तू म्हणाला, पूजा डोळे झाकूनच घेतात. वडिवेल हसला, कापसाला स्पिरिट लावून त्याने डोळा पुसला आणि मशीनला नव्याने माप घ्यायला लावलं. मशीनने खर्र करून काही कोरी लेबलं ओढली, एक थोडं मागे घेतलं, टक करून थांबलं. अक्षरं जागेवर आली.

पण आता प्रत्येक लेबलावर काळी जाळी छापून यायला लागली. जाळी म्हणजे रद्द. चिपमध्ये नंबर भरता आला नाही की मशीन स्वतःच लेबल रद्द करतं.

वडिवेलने सांगितलं ते असं. मशीन आधी हाक मारतं, कोण आहे. समोरच्या लेबलातल्या चिपने एकटीने ओ द्यायची. दोघींनी दिली की मशीन गोंधळतं, कोणाला नंबर द्यायचा कळत नाही. म्हणजे जवळ कुठेतरी दुसरी चिप आहे. ती दूर करा, नाहीतर लोखंडाआड टाका. लोखंडाआड चिप मुकी होते.

दुसरी चिप मशीनच्या कपाळावरच होती. पूजेचं लेबल. वडिवेलने ते उपटलं आणि कात्रीने चिप मधोमध कापली. 

पुन्हा माप. खर्र, टक. पुन्हा जाळी.

मग दोघांनी खोली रिकामी केली. जादा रोल बाहेर, नमुन्याचे शर्ट बाहेर, कचऱ्याचा डबा बाहेर. नाचिमुत्तूची चप्पलसुद्धा बाहेर. टेबल, मशीन, खुर्ची आणि दार उघडं असलेलं रिकामं कपाट, एवढंच राहिलं.

पुन्हा जाळी.

४

वडिवेलने मग हातातला रीडर आणला. पिस्तुलासारखा असतो. घोडा दाबून फिरवायचा, चिप लांब असेल तर टीक, टीक, सावकाश वाजतो, जवळ आली की टिकटिक वाढत जाते. हरवलेला शर्ट गोदामात असाच शोधतात.

रीडरच्या पडद्यावर आधी ती चिप कोणाची ते उमटलं. वडिवेलने वाचलं आणि भुवई वर केली. लहान मुलांचा शर्ट, पिवळा, पाच वर्षांचं माप. ते गिऱ्हाईक कधीच बंद पडलं होतं, तो माल जाऊन जमाना झाला होता. म्हणाला, जुनं लेबल असेल, फरशीच्या फटीत गेलं असेल.

तो दारापासून सुरू झाला. टीक. टीक. टेबलाकडे गेला तशी टिकटिक वाढली. टेबलाखाली वाकला तर सलग वाजायला लागलं, धाप लागल्यासारखं. टेबलाखाली फरशी होती, तीही पुसलेली. त्याने हात फिरवला. फट नव्हती.

वाकलेलाच होता, रीडर हलवला नव्हता, आणि आवाज सावकाश होत गेला. टीक, टीक. टीक.

"बॅटरी गेली वाटतं," वडिवेल म्हणाला.

नाचिमुत्तू म्हणाला, उंदीर. उंदराने लेबल गिळलं असणार. हे त्याला स्वतःलाच इतकं पटलं की बरं वाटलं. चिपला पाय नसतात, उंदराला असतात. यात काय गूढ आहे? वडिवेल म्हणाला की मग उंदीर मारा, पण ट्रकच्या आधी मारा. खाली ट्रकवाला त्याच्या नावाने शंख करत होता. जाता जाता दारात थांबून त्याने हळू आवाजात सांगितलं की मोठ्या साहेबांनी सकाळीच विचारलं होतं, त्या म्हाताऱ्याला जमत नसेल तर दुसरं माणूस बसवू का. "मी म्हटलं जमेल. मला मान खाली घालायला लावू नका, अय्या."

रीडर टेबलावर ठेवून तो गेला.

५

नाचिमुत्तूने मयिलात्ताळला फोन लावला. ती उडुमलपेट्टला बहिणीकडे होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं. त्याने झाला प्रकार सांगितला, चंदनासकट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"अण्णा, कपाटाचं तोंड कुठे आहे?"

तो म्हणाला, पूजेला फिरवलं, उघडंच आहे, आत काही नव्हतं. पलीकडे भांडी वाजायची थांबली. ती आवाज नसलेल्या जागी गेली असावी. मग तिने फोन ठेवला.

हा चिडला. शिकवायचं अर्धवट आणि वर हे नखरे. त्याने रीडर उचलला, उंदीर शोधायला म्हणून घोडा दाबला आणि खुर्चीत बसून राहिला. गुडघ्यामुळे फिरणं नको होतं.

टीक. टीक. एसीचा आवाज, त्यात ही टीक. बाजूची एक भिंत सगळी काचेची, खाली हॉलमध्ये माणसं खोकी ओढताना दिसत होती, पण त्यांचा आवाज येत नव्हता. टीक, टीक, टीक. उंदीर कपाटाच्या बाजूने येत होता. नाचिमुत्तूने पाय वर घेतले आणि फरशीवर नजर लावली. फरशी पांढरी, तिच्यावर मुंगी दिसली असती.

टिकटिक वाढली. टेबलाला वळसा घालून आली असावी, कारण मध्ये जरा मंदावली आणि पुन्हा चढली. मग डाव्या हाताशी येऊन सलग वाजायला लागली. तिथेच थांबली. नाचिमुत्तूने तिकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. त्याने मनात म्हटलं, यंत्र आहे, बिघडतं. आज सकाळपासून सगळंच बिघडतंय. त्याने घोडा सोडला. आवाज बंद झाला. आणि आवाज बंद झाल्यावर त्याला वाटलं की चालू होता तेच बरं होतं.

काचेपलीकडून शेन्बगम जात होती. खोकी चिकटवणारी बाई, पाठीच्या दुखण्याने वाकलेली, तरी सगळ्यांशी गोड. जिन्याच्या कठड्याशी ती थांबली आणि काचेतून आत बघून हसली. नाचिमुत्तूने मान हलवली. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिची नजर खाली होती, त्याच्या खुर्चीच्या डाव्या हाताशी. तिने गाल फुगवले, डोळे मोठे केले, बोटं हलवली, पोरांना हसवायला बायका करतात तसं. मग खोकं सावरत पुढे गेली.

नाचिमुत्तू हलला नाही. डावीकडे त्याने मान वळवली नाही. खुर्चीचा डावा हात, फोमचा, वरून काहीतरी टेकावं तसा जरासा दबला होता.

६

फोन वाजला. मयिलात्ताळच होती. या वेळी ती भरभर बोलली, वाक्यं आधीच जुळवून ठेवल्यासारखी.

म्हणाली, दार उघडं आहे ना, ते तसंच राहू द्या. खुर्ची फिरवून कपाटाकडे पाठ करा आणि गप्प बसा. ते आपणहून जातं. गेलं की लावा आणि तोंड भिंतीकडे करा.

त्याने विचारलं, ते म्हणजे काय. ती म्हणाली की तिला ठाऊक नाही. तिने कधी बघितलं नाही, बघायचं टाळलं.

"आणि अण्णा, हाताला धरून नेऊ नका. ते हात पुढे करतं. धरू नका."

मग विचारल्याशिवायच तिने सांगितलं की त्यानंतर खुर्ची रिकामी ठेवून चालत नाही. दिवे चालू आहेत तोवर कोणीतरी बसलेलं लागतं. ती पोरीच्या लग्नाला शिफ्ट संपल्यावर गेली होती, मुहूर्त होऊन गेल्यावर. "मला उठायचं होतं अण्णा. तुम्ही बसलात म्हणून उठता आलं. मला शिव्या द्या." नाचिमुत्तूने दिल्या. तिने ऐकून घेतल्या आणि फोन ठेवला.

खाली ट्रक मागे घ्यायचा भोंगा वाजत होता. त्याने खुर्ची फिरवली. कपाट आता पाठीमागे, उघडं. रीडर मांडीवर, घोडा दाबलेला. टिकटिक डाव्या हाताशी, सलग. तो समोरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत राहिला. डाव्या हाताचा पंजा त्याने आधी मांडीवर ठेवला होता, मग काखेत दाबला, कारण पंजाच्या पाठीला गार लागत होतं आणि एसी दुसऱ्या बाजूला होता.

त्याला नातवंडं होती. लहान मुलाने हात पुढे केला आणि आपण काखेत लपवला, असं त्याने आयुष्यात केलं नव्हतं. तो शिवराळ होता, पण असा नव्हता. एकदा त्याचा पंजा सुटायला आला. त्याने तो आणखी घट्ट दाबला आणि स्विचबोर्डाकडे बघत म्हणाला, "जा बाबा. माझा गुडघा गेलाय. मी खेळवणार नाही."

बराच वेळ काही झालं नाही. मग टिकटिक सुटी झाली. टीक, टीक. मागे गेली. टीक. आणि मध्येच, एक टीक व्हायची तिथे झाली नाही.

लोखंडाआड चिप मुकी होते.

तो उठला. कपाटाकडे पाठ ठेवूनच मागे सरकत गेला, हात मागे करून दार चाचपलं आणि ढकललं. दार लागलं नाही. मध्ये काहीतरी मऊ आलं होतं. त्याने पुन्हा ढकललं, तेवढंच मऊ लागलं. मग त्याच्याने राहवलं नाही. त्याने खांद्यावरून खाली बघितलं.

दाराच्या फटीत पिवळ्या कापडाची कड अडकली होती. शर्टाची खालची कड, दुहेरी शिलाईची. ती कोणीतरी आतून ओढून घेतली.

दार लागलं. त्याने कडी घातली, खांदा लावला आणि हमालांना न बोलावता, गुडघा ओरडत असताना, ते कपाट एकट्याने फिरवून तोंड भिंतीला लावलं.

७

मशीनने माप घेतलं. खर्र, टक. लेबल आलं, स्वच्छ. दुसरं आलं, तिसरं आलं. ट्रक थोडा उशिरा, पण भरून गेला. वडिवेल वर येऊन म्हणाला की अय्या, मी म्हटलं होतं जमेल. उंदीर सापडला का, असंही त्याने विचारलं. नाचिमुत्तू म्हणाला, सापडला.

तेव्हापासून खुर्ची त्याची आहे. सकाळी दिवे लागायच्या आधी तो येतो, दिवे गेल्यावर जातो. ताकभात तिथेच खातो, एका हाताने. नातीचे कान टोचले तेव्हा धारापुरमला गेला नाही. मुलाने फोनवर सांगितलं की बाबा, आता पुरे, घरी या, तिनेच बोलावलंय. सुनेने स्वतः बोलावलं, यापेक्षा मोठं काय व्हायचं? त्याने सांगितलं की काम आहे. एकदा पाय मोकळे करावे म्हणून तो दारापर्यंत गेला होता. रीडर खुंटीला होता, बंद. त्याची बॅटरी नाचिमुत्तूने स्वतः काढून खिशात ठेवली होती. तो दाराशी पोचला तेव्हा रीडर एकदा वाजला. टीक.

तो परत येऊन बसला.

थंडी पडल्यावर एक दिवस वडिवेल शेन्बगमला घेऊन वर आला. तिची पाठ पार गेली होती, डॉक्टरांनी उभं राहणं बंद केलं होतं. वडिवेल अडखळत म्हणाला की अय्यांचं वय झालं, आता त्यांनी आराम करावा. शेन्बगमला बसून काम मिळालं नाही तर तिला घरी बसावं लागेल. तिच्या घरी मिळवणारं दुसरं कोणी नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

ती हसून खोलीत आली. इकडेतिकडे बघितलं, कपाटाच्या पाठीवर हात ठेवला, टेकायला म्हणून.

"ते लेकरू पुन्हा नाही आणलं, अय्या? गोड होतं. मला तर इथे फार बरं वाटतं." आणि खुर्चीच्या पाठीला हात लावून म्हणाली, "बसून बघू?"

नाचिमुत्तूला उठायचं होतं. इतकं उठायचं होतं की दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले आणि अंग वर उचललं गेलं. धारापुरमची ओसरी त्याला दिसली, खाट दिसली, पेला दिसला. खुंटीवर रीडर वाजला. टीक. शेन्बगमने कौतुकाने तिकडे बघितलं.

तो बसला.

"ही खुर्ची माझी आहे," तो म्हणाला. "पाठ मोडली म्हणून आयतं खायला आलीस होय? मी मेल्यावर बघ. त्याआधी या खोलीत पाय ठेवलास तर कात्री फेकून मारीन."

तिचं तोंड उतरलं. ती निघून गेली. वडिवेल म्हणाला की एवढा हलकट माणूस मी बघितला नाही, अय्या, आणि तोही गेला. खाली हॉलमध्ये आता सगळे तेच म्हणतात. चहावाला पेला आपटून ठेवतो.

नाचिमुत्तू पेला उचलतो, डाव्या हातापासून लांब धरतो आणि बसून पितो.